दाह आणि शमन

आपल्या भाषेत 'सूज' या शब्दाला प्रतिष्ठा नाही. एखाद्या संस्थेचा वा घराण्याचा पसारा अकारण वाढलेला दिसला, की जाणती माणसे मान हलवून म्हणतात, "हे बाळसे नव्हे, ही सूज आहे." सुजेच्या सोबतीचे शब्दही असेच उपेक्षित. मत्सराला आपण जळजळ म्हणतो, संतापाने अंगाची आग होते म्हणतो, आणि जुन्या अपमानाची आठवण ठसठसते असेही म्हणतो. शरीराच्या एका व्यापाराची सारी शब्दसंपत्ती आपण मनाच्या विकारांसाठी उसनी घेतली आणि मूळ धन्याची मात्र बदनामी केली.

वैद्यकाने या व्यापाराकडे अधिक आदराने पाहिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे नोंदवून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आजही वैद्यकाचा विद्यार्थी तीच चार पाठ करतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या. गळू 'पिकले' की नाही हे बोटाने चाचपून पाहणाऱ्या आणि अळशीचे पोटीस बांधणाऱ्या आपल्या आज्यांनी सुश्रुत वाचला नव्हता. पण सूज ही येते, वाढते, पिकते आणि जाते, तिला एक आदी आहे व एक अंत आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हा अंत होतो कसा, हा प्रश्न मात्र माझ्या मनात कधी आला नव्हता. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आणि पुढे सारे आयुष्य सरकारी शाळेत घालवलेल्या माणसाच्या मनात तो यावा असे काही कारणही नव्हते. ते कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात आले.

माझी थोरली बहीण, ताई, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे माझे शाळेचे डबे तिनेच भरले. वीस वर्षांपासून तिला मधुमेह आहे. दसऱ्याच्या सुमारास नव्या चपलेचा खिळा तिच्या डाव्या तळव्याला टोचत राहिला आणि तिला तो जाणवलाच नाही. फरशीवर रक्ताचे ठसे सूनबाईंनी पाहिले, तेव्हा कुठे पाय उलटून बघितला गेला. सेल्ससच्या चार लक्षणांपैकी तीन हजर होती. चौथे, वेदना, गैरहजर होते. मधुमेहाने तिच्या पायातल्या नसा कधीच बधिर करून टाकल्या होत्या. वेदना ही आपली केवढी हितकर्ती आहे, हे ती नसल्यावर कळते.

औषधे झाली, इंजेक्शने झाली, करंगळी काढावी लागली. महिना गेला, दुसरा गेला. ताप उतरला, दुर्गंधी गेली. पण जखम भरेना. रुपयाएवढा तो लालसर, ओला डाग जिथल्या तिथे होता, आणि पाऊल वाचेल की घोट्यापासून काढावे लागेल, याची चर्चा घरात दबक्या आवाजात होऊ लागली. ताई मात्र मला म्हणायची, "अरे, तू शाळा बुडवून येत जाऊ नकोस. पायाला मास्तर लागत नाही." एक दिवस पट्टी बदलता बदलता डॉक्टर मला म्हणाले, "सर, जंतूंशी चाललेली लढाई आपण बरीचशी जिंकली आहे. आता ही जखम अडून बसली आहे ती यांच्या स्वतःच्याच सैन्यामुळे. लढाई संपली, हे त्याला कळतच नाही."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो, पण ते मला झोपू देईना. शेवटी आमच्या शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना गाठले. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या फळ्यावर त्यांनी मला आठवडाभर शिकवले. पुढे मी स्वतः वाचले, पुन्हा त्यांना विचारले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मधुमेह आहे, सांधेदुखी आहे, दमा आहे, आणि या साऱ्यांच्या मुळाशी हा न विझणारा दाह कमीअधिक प्रमाणात असतो. म्हणून जे समजले ते माझ्या भाषेत येथे मांडतो.

डॉक्टरांनी ज्याला सैन्य म्हटले, ते म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक 'न्यूट्रोफिल' या जातीच्या असतात. अस्थिमज्जेत रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात आणि थोड्याच काळात मरूनही जातात. जखमेतला पू म्हणजे बहुतांशी या मेलेल्या पेशीच. १८६७ साली युलियस कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पारदर्शक पडद्यातल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दाह सुरू होताच पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि भिंतीतून वाट काढून बाहेर पडतात, हे त्याला दिसले. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे एली मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर भटक्या पेशींनी काट्याभोवती गर्दी केलेली होती. सूज म्हणजे नुसता बिघाड असे समजणाऱ्या जगाला त्याने सांगितले, की हा प्रतिकार आहे. १९०८ साली त्याला पाउल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

या पेशींच्या पोटात बारीक बारीक कण असतात आणि त्या कणांत एन्झाइमे भरलेली असतात. एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवून आणणारे आणि स्वतः मात्र न संपणारे प्रथिन. न्यूट्रोफिलमधील इलास्टेज आणि प्रोटिनेज-३ ही एन्झाइमे म्हणजे प्रथिने कापणाऱ्या कात्र्याच आहेत. जंतूंची प्रथिने त्यांनी कापावीत हे अपेक्षित आहे. पण कात्रीला कापड कोणाचे हे कळत नाही. फुप्फुसाला, त्वचेला आणि धमन्यांना ताण घेण्याची शक्ती देणारे इलॅस्टिन नावाचे तंतू आपल्या शरीरात असतात. इलास्टेज तेही कापते. किंबहुना त्याचे नावच त्यावरून पडले आहे.

मग ही धोक्याची कात्री शरीराने बाळगलीच कशाला, असे मी विचारले. त्याचे उत्तर १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळते. इलास्टेज नसलेले उंदीर शास्त्रज्ञांनी तयार केले. क्लेब्सिएला आणि ई. कोलाय या जंतूंचा संसर्ग होताच ते साध्या उंदरांहून फार सहज बळी पडले. कात्री टाकून देणे हा मार्ग नाही. ती कोणाच्या तरी नजरेखाली असली पाहिजे.

आजवर माझी समजूत अशी होती, की दाह हा चुलीतल्या जाळासारखा आहे. सरपण संपले की तो आपोआप विझतो. ती समजूत पुरी नव्हती. दाह शमतो तो शमवला जातो म्हणून. त्यासाठी शरीर वेगळी प्रथिने तयार ठेवते, आणि गंमत अशी, की जाळ पसरवणारी एन्झाइमे आणि तो शमवणारी प्रथिने यांचा एकमेकांवर सतत वचक असतो. या वचकाचे सर्वांत बोलके उदाहरण मला प्रोग्रॅन्युलिन या प्रथिनात सापडले.

प्रोग्रॅन्युलिन हे ५९३ अमिनो आम्लांची लांब साखळी असलेले प्रथिन आहे. माळेत मणी ओवावेत तसे त्यात सात पूर्ण आणि एक अर्धा असे एकाच घडणीचे तुकडे ओवलेले असतात. ही माळ अखंड असते तेव्हा ती न्यूट्रोफिलांना शांत करते, आणि जखमेच्या कडेच्या पेशींना वाढायला उत्तेजन देते. पण माळेचा दोरा जिथे मोकळा असतो, नेमका तिथे इलास्टेज तो कापते. मणी सुटे होतात. आणि हे सुटे मणी निरुपद्रवी नसतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की त्यांतले काही तुकडे त्वचेसारख्या आवरणाच्या पेशींना इंटरल्यूकिन-८ हा पदार्थ सोडायला लावतात. आणि इंटरल्यूकिन-८ म्हणजे न्यूट्रोफिलांना पाठवलेले बोलावणे. अखंड प्रथिन म्हणते, "पुरे, आता थांबा." त्याचेच तुकडे म्हणतात, "आणखी या."

हे ऐकताना मला फळ्यावरची आकृती दिसेनाशी झाली आणि आमच्या शाळेचे अंगण दिसू लागले. मुलांची भांडणे मिटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली आहे. एका मुलाला मी समजावलेले असते, "त्याची चूक आहे, पण तूही हात उचलायला नको होतास." मधल्या सुटीपर्यंत हे वाक्य वर्गात पोचते ते एवढेच: "सर म्हणाले, त्याची चूक आहे." शब्द माझेच असतात, एकही खोटा नसतो, फक्त वाक्य मधून कापलेले असते. आणि मिटलेले भांडण दुप्पट पेटते. भाषेच्या शिक्षकाला जे आयुष्यभर दिसत आले, ते रक्तातही घडते हे कळल्यावर मला आश्चर्य वाटले आणि थोडे भयही वाटले.

भय अशासाठी, की येथे एक चक्र तयार होते. न्यूट्रोफिल येतात, इलास्टेज सोडतात. इलास्टेज शमन करणाऱ्या प्रथिनाचे तुकडे करते. तुकडे नवे न्यूट्रोफिल बोलावतात. ते पुन्हा इलास्टेज सोडतात. २००८ साली उंदरांवरच केलेले दुसरे एक काम प्रसिद्ध झाले. इलास्टेज आणि प्रोटिनेज-३ ही दोन्ही एन्झाइमे नसलेल्या उंदरांच्या त्वचेखाली दाह निर्माण केला, तर तेथे जमणाऱ्या न्यूट्रोफिलांची गर्दी पुष्कळच कमी राहिली. साध्या उंदरांना त्या जागी बाहेरून प्रोग्रॅन्युलिन दिले, तेव्हाही दाह कमी झाला. म्हणजे दोष एकट्या कात्रीचाही नव्हता आणि एकट्या माळेचाही नव्हता. किती माळा अखंड उरल्या, यावर सारे अवलंबून होते.

माळा अखंड ठेवण्यासाठीही शरीराने राखणदार नेमले आहेत. त्यांतल्या एकाला शास्त्रज्ञ एसएलपीआय या आद्याक्षरांनी ओळखतात. लाळेत, नाकातल्या आणि श्वासनलिकेतल्या स्रावात हे छोटे प्रथिन असते. ते इलास्टेजला निकामी करते आणि शिवाय प्रोग्रॅन्युलिनला बिलगून राहून त्याला कात्रीपासून वाचवते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या जखमा लवकर भरत नाहीत असे २००० साली आढळले होते. दोन वर्षांनी त्याच उंदरांच्या जखमांना अखंड प्रोग्रॅन्युलिन पुरवल्यावर त्या नीट भरू लागल्या. बोट कापले की मूल ते पहिल्यांदा तोंडात घालते, कुत्रे आपली जखम चाटते, या सवयींत थोडे तथ्य असावे असे यावरून वाटते. अर्थात कोणी हा उपचार करू नये, हे लगेच सांगितले पाहिजे. तोंडात जंतूही असंख्य असतात, आणि मधुमेहाच्या जखमेला तर ते मुळीच लागता कामा नयेत.

दुसरा राखणदार थोर घराण्यातला आहे. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन असे त्याचे नाव. यकृतात तो जन्मतो आणि एक लिटर रक्तद्रवात एक ते दोन ग्रॅम इतक्या मुबलक प्रमाणात फिरत असतो. कोठे दाह सुरू झाला की यकृत त्याचे उत्पादन दुपटी-तिपटीने वाढवते. म्हणजे आग लागल्याची वर्दी पोचताच पाण्याचे बंब निघतात तसे. त्याचे काम करण्याचे तंत्र मोठे विलक्षण आहे. तो आपल्या अंगाचा एक फासा इलास्टेजपुढे आमिष म्हणून धरतो. इलास्टेज तो कापते. त्याबरोबर ताणलेली कमान सुटावी तसा हा रेणू झटकन मिटतो, चिकटलेल्या इलास्टेजला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकतो आणि त्याची घडणच मोडून टाकतो. उंदराच्या चापासारखीच ही रचना आहे. फरक इतकाच, की हा चाप एकदाच चालतो. इलास्टेजचा एक रेणू संपवायला अँटिट्रिप्सिनचा एक रेणू स्वतः संपतो.

हा राखणदार नसेल तर काय होते, हे १९६३ साली स्वीडनमधील माल्मो येथे कळले. कार्ल-बर्टिल लॉरेल हे रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या तपासत होते. सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाचांत त्यांना एक पट्टी गायब दिसली. एखाद्याने हात झटकून पुढचा नमुना घेतला असता. लॉरेल यांनी स्टेन एरिकसन या तरुण डॉक्टरला त्या पाच माणसांचा शोध घ्यायला सांगितले. त्यांतल्या तिघांना ऐन वयात एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसे सैल पडून धाप लागण्याचा विकार, झालेला होता. कात्रीवर नजर ठेवणारा नव्हता आणि तिने वर्षानुवर्षे फुप्फुसाचे लवचीक तंतू कापले होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. ज्यांच्या रक्तात हा राखणदार पुरेसा आहे, त्यांच्याही फुप्फुसात धूर दुहेरी अपाय करतो: तो न्यूट्रोफिलांना तेथे बोलावून घेतो आणि अँटिट्रिप्सिनचे नेमके आमिषाचे टोक रासायनिक रीतीने बिघडवून टाकतो. चोराला आमंत्रण आणि पहारेकऱ्याला गुंगी, अशी ही व्यवस्था आहे.

हे सारे समजल्यावर डॉक्टरांच्या त्या वाक्याचा अर्थ उलगडला. महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमेच्या स्रावात इलास्टेजचे प्रमाण ताज्या, भरत्या जखमेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. ते नव्या मांसाचा पाया घालणारी प्रथिने कापते, वाढीला चालना देणारी प्रथिने कापते, आणि राखणदारही त्याच्यापुढे अपुरे पडतात. रोज गवंडी भिंत उभारतात आणि रोज रात्री ती पाडली जाते. मग उपचार म्हणजे काय, तर पाडणाऱ्यांना परतवणे. मेलेले मांस वरचेवर खरवडून काढायचे, म्हणजे न्यूट्रोफिलांना थांबायला निमित्त उरत नाही. रक्तातली साखर ताब्यात ठेवायची. आणि सर्वांत अवघड म्हणजे त्या जागेवर शरीराचा भार मुळीच पडू द्यायचा नाही, कारण प्रत्येक पावलागणिक होणारी इजा नव्या सैन्याला हाक घालते. आता काही पट्ट्या कोलॅजेनच्या असतात; आपल्या मांसाऐवजी त्या स्वतःला कात्रीपुढे करतात आणि एन्झाइम आपल्यात ओढून घेतात. अँटिट्रिप्सिनचे तंत्र माणसाने असे थोडेफार उचलले आहे.

ताईला यांतले भार न टाकण्याचे पथ्यच सर्वांत जड गेले. उभ्या आयुष्यात जिने स्वयंपाकघराचा उंबरा दिवसातून शंभरदा ओलांडला, तिला पायाला प्लास्टर घालून खिडकीशी बसवून ठेवणे ही शिक्षाच होती. एकदा चिडून म्हणाली, "बसून बसून जखम भरते होय रे?" मी तिला माळेची आणि मण्यांची गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे मी उठले की तुझा तो दोरा तुटतो म्हण ना." त्यानंतर ती उठली नाही. होळीच्या आधी जखमेच्या कडेने गुलाबी, पातळ कातडी आत सरकू लागली. गुढीपाडव्याला डाग डाळीएवढा उरला होता, आणि चैत्र संपता संपता तोही गेला. पाऊल वाचले. करंगळी गेली ती गेलीच.

शमन हा शब्द मी अनेकदा शिकवला आहे. अर्थ लिहून देताना 'शांत होणे' असे लिहून मोकळा होत असे. आता वर्गात तो आला की 'शांत करणे' हाच अर्थ आधी सांगतो, कारण त्या क्रियेला कर्ता आहे. कोणीतरी अखंड राहावे लागते, कोणीतरी त्याला बिलगून वाचवावे लागते, कोणीतरी स्वतःला कात्रीपुढे करावे लागते. तेव्हा कुठे एक रुपयाएवढी जखम भरते.

वाचकांपैकी ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी एक गोष्ट आजपासून करावी. रात्री निजण्यापूर्वी दोन्ही तळपाय दिव्याजवळ नेऊन पाहावेत. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरावा, किंवा नातवंडाला बघायला सांगावे. बोटांच्या बेचक्यांत पाहावे. चप्पल पायात घालण्याआधी आतून हात फिरवावा. लाली, सूज, ओल, भेग यांपैकी काहीही दिसले, तर दुखत नाही म्हणून वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आमच्या घरी आता रात्रीचे जेवण झाले की ताईची नात हातात बॅटरी घेऊन हे काम करते, आणि काही न दिसल्यास मोठ्याने हजेरी देते, "सर्व हजर, एक रजेवर!"